कर्नलच्या सिक्युरिटी कोडमध्ये मेमरीची मालकी बदलणारा पॅच आला तर तो वाचायचा कसा

लिनक्स कर्नलच्या सिक्युरिटी फोल्डरमध्ये असे पॅच (कोडमधले बदल) सारखे येत असतात, केफ्रीची (मेमरी सोडणारं फंक्शन) एक ओळ या फंक्शनमधून काढून त्या फंक्शनमध्ये टाकलेली असते, किंवा आधी जे फंक्शन रेफरन्स (वस्तू किती जण वापरतायत त्याचा काउंट) वाढवून द्यायचं ते आता नुसता पॉइंटर (मेमरीचा पत्ता) देतं. डिफ (काय बदललं ते दाखवणारा मजकूर) दहा-बारा ओळींचा, वाचायला दोन मिनिटं, आणि इथेच लोक फसतात, कारण मालकीचा नियम (मेमरी सोडायची जबाबदारी कोणाची) बदलला की जुन्या नियमावर विसंबून लिहिलेला सगळा कोड बदलावा लागतो आणि त्यातला जो बदलायचा राहून गेलाय तो डिफमध्ये दिसणारच नसतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की अशा पॅचमध्ये डिफ कमी वाचा आणि डिफच्या आजूबाजूचं जास्त वाचा. खाली जे लिहिलंय ते बहुतेक लिनक्सबद्दल आहे, कीरिंग (पासवर्ड, टोकन अशा 'की' ठेवायची जागा), क्रेड (प्रोसेसची ओळख आणि अधिकार), आणि कोणाला काय करू द्यायचं ते ठरवणारी सिक्युरिटी मॉड्यूल, म्हणजे एसईलिनक्स, अ‍ॅपआर्मर वगैरे.

सुरुवात अशी करा. गिट शोला (कमिटमधला बदल दाखवणारी कमांड) मोठ्या डब्ल्यूचा ऑप्शन द्या म्हणजे अख्खं फंक्शन दिसतं, नुसत्या तीन ओळींच्या संदर्भावर मालकीबद्दल काहीच ठरवता येत नाही. मग कागद घ्या (खरंच कागद, स्क्रीनवर नको) आणि फंक्शनमधला प्रत्येक पॉइंटर लिहून काढा, तो कुठून आला, या क्षणी कोणाच्या मालकीचा आहे आणि शेवटी कोण सोडणार. आणि ज्या ज्या फंक्शनला तो पॉइंटर दिलाय त्याच्यापुढे लिहा की ते फंक्शन स्वतःचा वेगळा रेफरन्स घेतं, की तुमचाच गिळून टाकतं, की फक्त बघून परत देतं. आणि अजून एक प्रश्न जो बहुतेक जण विचारतच नाहीत, फंक्शन फेल झालं तरी गिळतं का? काही फंक्शन यशस्वी झाली तरच मालकी घेतात, काही दोन्ही वेळा घेतात, आणि हे नावावरून कळत नाही, आत जाऊन बघावंच लागतं.

क्रेडचं उदाहरण घ्या कारण ते सगळ्यात स्वच्छ आहे. प्रिपेअर_क्रेड्स तुम्हाला नवी कॉपी देतं, ती तुमची. मग दोनच रस्ते आहेत, कमिट_क्रेड्स किंवा अबॉर्ट_क्रेड्स, दोन्ही तुमचा रेफरन्स गिळतात, आणि कमिट_क्रेड्स नेहमी शून्यच परत देतं त्यामुळे ते फेल झालं तर काय हा प्रश्नच उरत नाही. पण कमिटनंतर कोणी त्या पॉइंटरवर परत पुट_क्रेड (रेफरन्स सोडणारं फंक्शन) किंवा अबॉर्ट केलेलं दिसलं तर तिथे लगेच थांबायचं, कारण तुमच्याकडचा रेफरन्स गेला, आता तो पॉइंटर तुम्ही फक्त उसना वापरताय.

आता एक खरा बग जवळून बघू, कारण यात सगळं आहे. सीव्हीई-२०१६-०७२८ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या बगला दिलेला सार्वजनिक क्रमांक), जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झाला, कर्नल ३.८ पासून कोडमध्ये बसलेला होता. फंक्शन जॉइन_सेशन_कीरिंग. युजरने नाव दिलं की आत नावाने कीरिंग शोधतात, सापडली तर शोधणारं फंक्शन तिचा काउंट एकने वाढवून देतं, म्हणजे आता एक रेफरन्स आपल्या हातात आला. मग सरळ रस्त्याला काय होतं, इन्स्टॉल करणारं फंक्शन स्वतःचा वेगळा रेफरन्स घेतं, कमिट होतं, आणि शेवटी आपण की_पुट करून आपला सोडतो, हिशोब बरोबर. पण मध्ये एक फांदी होती, सापडलेली कीरिंग आणि प्रोसेसला आधीच लावलेली कीरिंग एकच असेल तर काही करायचं नाही, रिटर्न शून्य, आणि जा एरर२ लेबलवर. एरर२ वर म्युटेक्स (लॉक) सुटतो, क्रेड अबॉर्ट होतं. की_पुट नाहीच! म्हणजे एखाद्या प्रोसेसने स्वतःचीच कीरिंग त्याच नावाने परत मागितली की दर वेळी एक रेफरन्स गळतो.

फांदी बघा कुठली आहे. ही एररची फांदी नाहीये, ही 'करण्यासारखं काही नाही' वाली फांदी आहे. रिव्ह्यू करणारे एरर पाथ तपासतात, यशाचा पाथ तपासतात, आणि 'आधीच आहे', 'तेच आहे', 'लांबी शून्य आहे' असल्या फांद्यांवरून नजर सरकून जाते कारण तिथे काही घडतच नाही असं वाटतं. मी तर आता फंक्शन उघडलं की आधी याच फांद्या शोधतो. फिक्स एका ओळीचा होता, त्या फांदीत की_पुट घातलं, संपलं.

आणि नुसता लीकच होता मग एवढं काय असं म्हणू नका. काउंट तेव्हा साध्या ३२ बिटच्या अ‍ॅटॉमिकमध्ये होता. साधारण ४२९ कोटी वेळा गळवला की तो फिरून शून्यावर येतो, कर्नलला वाटतं आता कोणी वापरत नाही, ती कीरिंग फ्री होते, आणि प्रोसेसच्या क्रेडमध्ये पॉइंटर तसाच लटकत राहतो. ज्यांनी बग शोधला त्यांच्या एक्स्प्लॉइटला साध्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर अर्ध्या तासाच्या आसपास लागत होतं आणि शेवटी रूट शेल (मशिनवर पूर्ण ताबा) मिळत होता. म्हणजे सिक्युरिटी कोडमधला रेफरन्स लीक हा मेमरी वाया जाण्याचा प्रश्न समजून 'नंतर बघू' मध्ये टाकायचा नाही. पुढे ४.११ मध्ये रेफकाउंट_टी आला, तो वर जाऊन अडकतो, फिरून शून्यावर येत नाही, आणि २०१७ मध्येच कीचा काउंटही त्यावर नेला गेला, त्यामुळे आज तोच बग आला तर मेमरी कायमची अडकेल, वॉर्निंग येईल, पण युज आफ्टर फ्री (सोडलेली मेमरी परत वापरणं) होणार नाही. म्हणून पॅचमध्ये नवा काउंटर दिसला आणि तो अ‍ॅटॉमिक_टी असेल तर रेफकाउंट_टी का नाही हे विचाराच. उलट्या चुकीवर मात्र, म्हणजे जास्तीचा पुट झाला तर, रेफकाउंट_टी तुम्हाला वाचवत नाही, काउंट शून्यावर लवकर पोहोचतो आणि वस्तू फ्री होते. आणि क्रेडच्या बाबतीत हे किती महागात पडतं ते २०२२ च्या डर्टीक्रेडने दाखवलं, साध्या युजरचं क्रेड फ्री करायचं आणि त्याच जागी रूटचं क्रेड येऊन बसेल असं करायचं, जुना पॉइंटर आपोआप रूट होतो.

आता मालकी मुद्दाम बदलली जाते तेव्हाचं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे एलएसएमच्या (एसईलिनक्ससारखी मॉड्यूल ज्यात बसतात ते फ्रेमवर्क) ब्लॉब्सचं (मॉड्यूलच्या डेटासाठीच्या मेमरीचे तुकडे) काम. आधी क्रेडला लटकवलेली सिक्युरिटीची मेमरी ज्या त्या मॉड्यूलची, एसईलिनक्सच ती अ‍ॅलोकेट करणार आणि एसईलिनक्सच फ्री करणार. ५.१ मध्ये, म्हणजे २०१९ मध्ये, क्रेड, फाइल, आयनोड (डिस्कवरच्या फाइलची कर्नलमधली नोंद) वगैरेंची ही मेमरी फ्रेमवर्कने स्वतःकडे घेतली, प्रत्येक मॉड्यूलने फक्त आपल्याला किती बाइट्स लागतात ते सांगायचं, फ्रेमवर्क सगळ्यांची मिळून एकच मेमरी घेतं आणि प्रत्येकाला आतला आपापला ऑफसेट देतं. पुढच्या काही वर्षांत सुपरब्लॉक, सॉकेट, की यांचंही तसंच झालं. आता अशा पॅचमध्ये काय बघायचं? पहिलं तर सोपं, मॉड्यूलमधली जुनी केफ्री गेली का. राहिली असेल तर डबल फ्री (तीच मेमरी दोनदा सोडणं), आणि बहुतेक वेळा त्याहून वाईट, कारण मॉड्यूलला मिळणारा पॉइंटर मोठ्या मेमरीच्या मधलाच असतो आणि मधला पॉइंटर केफ्रीला देणं म्हणजे अ‍ॅलोकेटरचाच हिशोब बिघडवणं.

दुसरं जास्त अवघड आहे. बिल्डिंग सोसायटीची झाली तरी फ्लॅटमधलं सामान ज्याचं त्याचंच असतं. अ‍ॅपआर्मर आपल्या भागात एका लेबलचा (प्रोसेसला कोणते नियम लागू ते सांगणारी वस्तू) पॉइंटर ठेवतं आणि त्या लेबलचा रेफरन्स त्याच्याकडे असतो, फ्रेमवर्क ब्लॉब फ्री करेल पण त्याला आत लेबल आहे हे माहीतच नाही. म्हणून अ‍ॅपआर्मरचा क्रेड फ्री करायचा हुक (फ्रेमवर्क ठरलेल्या वेळी बोलावतं ते मॉड्यूलचं फंक्शन) राहतोच, तो लेबलचा रेफरन्स सोडतो आणि तिथे नल (रिकामा पॉइंटर) ठेवतो. 'आता फ्रेमवर्क फ्री करतं, हुक काढून टाकला' असं कमिट मेसेजमध्ये दिसलं की आधी ब्लॉबच्या स्ट्रक्चरची व्याख्या उघडा आणि त्यातला प्रत्येक पॉइंटर कोण सोडणार ते विचारा. एखाद्या स्ट्रक्चरमध्ये नुसते आकडेच असतील, एसईलिनक्सच्या क्रेडच्या भागात एसआयडी (सिक्युरिटी लेबलचे नंबर) असतात तसे, तर हुक गेला तरी चालतं, त्यामुळे एका मॉड्यूलमध्ये बरोबर असलेला बदल दुसऱ्यात कॉपी केला की चुकतो.

आणि यातच अजून एक बारीक गोष्ट. क्रेड तयार होताना फ्रेमवर्क आधी ब्लॉब घेतं, मग एकेका मॉड्यूलचा हुक चालवतं. पहिल्याच मॉड्यूलने एरर दिली तर फ्रेमवर्क फ्रीचे हुक सगळ्यांचे चालवतं, म्हणजे ज्यांचा तयारीचा हुक चाललाच नाही त्यांचेही. ब्लॉब शून्य करून दिलेला असतो म्हणून हे निभतं, पण तुमच्या फ्री हुकने आत नल सापडला तर गप्प राहायला हवं. कोणी त्या हुकमधला नलचा चेक 'गरज नाही' म्हणून काढला तर हो म्हणायच्या आधी हा रस्ता चालून बघा.

मालकी हातोहात देण्याचं चांगलं उदाहरण बघायचं असेल तर कीरिंगमधल्या युजर टाइपच्या कीचं अपडेट फंक्शन वाचा, पंचवीसेक ओळींच्या आत सगळं शिकवतं. नवा डेटा आधी एका तात्पुरत्या प्रेप स्ट्रक्चरच्या मालकीचा असतो. अपडेटमध्ये जुना पेलोड (कीमधला डेटा) बाजूला धरतात, नवा पॉइंटर आरसीयूच्या (लॉक न घेता वाचू देणाऱ्या) पद्धतीने कीमध्ये बसवतात, आणि लगेच पुढे प्रेपमधला पॉइंटर नल करतात. तो नल म्हणजेच मालकी दिल्याची नोंद, कारण नंतर प्रेपची साफसफाई करणारं फंक्शन येतंच येतं आणि जे आत सापडेल ते फ्री करतं, नल नसेल तर कीमध्ये नुकताच बसवलेला डेटाच उडेल. मग जुन्या पेलोडसाठी कॉल_आरसीयू (वाचणारे संपेपर्यंत थांबून मग कॉलबॅक चालवतं), कारण कोणीतरी लॉक न घेता तो अजून वाचत असू शकतं, आणि त्या कॉलबॅकमध्ये केफ्री_सेन्सिटिव्ह, म्हणजे आधी शून्यं भरायची मग फ्री.

इथे एखादा पॅच येईल, दिसायला एकदम साफसूफ, की कॉलबॅकचं वेगळं फंक्शन कशाला, केफ्री_आरसीयू वापरू, चार ओळी कमी. कंपाइल होईल, टेस्ट पास होतील, केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) काही बोलणार नाही. पण केफ्री_आरसीयू मेमरी पुसत नाही, म्हणजे युजरचा पासवर्ड किंवा टोकन स्लॅबमध्ये (कर्नल जिथून मेमरी देतं तो साठा) तसंच पडून राहिलं. सिक्युरिटी कोडमध्ये मालकाचं काम फ्री करण्यापुरतं नसतं, गुपित असेल तर पुसणंही त्याचंच, आणि मालक बदलला की ही जबाबदारी बरोबर गेली का ते वेगळं तपासायचं. साधं मेमसेट करून मग फ्री असं कोणी लिहिलं असेल तर तेही नको, पुढे कोणी वाचत नाही म्हणून कंपायलर ते मेमसेट उडवू शकतो, त्यासाठीच मेमझीरो_एक्सप्लिसिट आणि केफ्री_सेन्सिटिव्ह आहेत. (जुन्या कोडमध्ये केझीफ्री दिसेल, तेच ते, ५.९ मध्ये नाव बदललं.)

एसईलिनक्समध्ये २०२२ च्या सुरुवातीला एक डबल फ्री फिक्स झाला तोही डोक्यात ठेवण्यासारखा आहे. पॉलिसी वाचताना कंडिशनल नियमांची लिस्ट वाचणारं फंक्शन मध्येच फेल झालं तर स्वतःच लिस्ट नष्ट करायचं, आणि वरचं फंक्शनही फेल झालं म्हणून अख्खी पॉलिसी नष्ट करायचं, त्यात तीच लिस्ट परत. लांबी जुनीच राहिलेली, त्यामुळे लूप परत फिरायचा. फिक्समध्ये नष्ट करणाऱ्या फंक्शनच्या शेवटी पॉइंटर नल आणि लांबी शून्य केली, म्हणजे कितीही वेळा बोलावलं तरी काही होत नाही. हे वाचून मी एक सवय लावून घेतली, पॉइंटर आणि लांबी अशी जोडी दिसली की दोन्ही एकत्र बदलतायत का बघायचं, कारण नुसता पॉइंटर नल केला आणि लांबी राहिली तर पुढचा लूप नलवरून चालायला लागतो.

क्रेडचं अजून एक सांगायलाच हवं, आणि हे विशेष करून जे लोक व्हेंडर कर्नलवर (कंपन्या स्वतः सांभाळतात ते कर्नल) बॅकपोर्टचं (नवे फिक्स जुन्या कर्नलवर आणायचं) काम करतात त्यांच्यासाठी, आपल्याकडे पुण्या-बंगळुरात अशी बरीच मंडळी आहेत. ओव्हरराइड_क्रेड्स (तात्पुरतं दुसरं क्रेड लावणारं फंक्शन) पूर्वी स्वतःचा एक रेफरन्स घ्यायचं आणि रिव्हर्ट_क्रेड्स तो सोडायचं. ६.१४ मध्ये हे बदललं, आता ओव्हरराइड तुमचाच रेफरन्स वापरतं, आणि रिव्हर्ट तुम्हाला ते क्रेड परत देतं, सोडायचं असेल तर तुम्हीच पुट_क्रेड करायचं. नावं तीच! म्हणजे ६.१४ नंतर लिहिलेला एखादा सिक्युरिटी फिक्स तुम्ही ६.६ किंवा ६.१२ वर आणला तर तो क्लीन लागू शकतो आणि नीट बिल्डही होऊ शकतो, पण मालकीचा हिशोब वेगळ्याच नियमाने लिहिलेला असतो, कुठे लीक कुठे जास्तीचा पुट. जुन्या कर्नलवरून नव्यात कोड नेला तरी तेच. नाव न बदलता नियम बदलणारे पॅच सगळ्यात धोकादायक, तुमच्यासमोर तसा पॅच आला तर निदान मधल्या टप्प्यात तरी वेगळं नाव ठेवा असं सांगा, म्हणजे राहिलेले कॉलर कंपायलरच पकडून देईल. या बदलातही तसंच केलं होतं, आधी सगळे कॉलर लाइट नावाच्या फंक्शनवर नेले, जुनी फंक्शन काढली, आणि मग नाव परत पहिल्यासारखं केलं.

सिक्युरिटी कॉन्टेक्स्टच्या स्ट्रिंगचंही (सिक्युरिटी लेबलचं अक्षरी रूप) थोडक्यात सांगतो. एसईलिनक्स ती स्ट्रिंग नवी अ‍ॅलोकेट करून देतं, स्मॅक (तसंच अजून एक मॉड्यूल) आपल्या लेबलच्या यादीतला पॉइंटरच देतं, ती यादी कधी फ्री होत नाही. म्हणून स्ट्रिंग सोडताना थेट केफ्री करणारा कॉलर एसईलिनक्सवर नीट चालेल आणि स्मॅकवर मेमरी खराब करेल. ६.१४ मध्ये याच्यासाठी एलएसएम_कॉन्टेक्स्ट नावाचं स्ट्रक्चर आलं, त्यात कोणत्या मॉड्यूलने दिली त्याचा आयडीही असतो, म्हणजे ज्याने दिली तोच सोडेल.

आजकाल बरेच पॅच गोटो (लेबलवर उडी मारणं) काढून क्लीनअप हेडरवाले आपोआप फ्री होणारे व्हेरिएबल घालतात, ६.५ पासून ते उपलब्ध आहे. चांगलंय, पण तीन गोष्टी बघा. व्हेरिएबल डिक्लेअर केल्या केल्या त्याला किंमत दिलीये का, नाहीतर कचरा पॉइंटर फ्री होईल. मालकी पुढे देताना नो_फ्री_पीटीआर (आपोआप फ्री होणं थांबवणारं) वापरलंय का, नाहीतर दिलेली वस्तू फंक्शन संपताना फ्री होईल. आणि एकाच फंक्शनमध्ये गोटो पण आणि हे पण असं अर्धवट ठेवलं असेल तर परत पाठवा. गुपित असलेल्या बफरवर साधी केफ्री लावलीये का तेही बघा, ती पुसत नाही.

टेस्टिंगबद्दल. केसॅन लावून एसईलिनक्स टेस्टसूट चालवला एवढ्यावर पॅच पास करू नका, केसॅन फक्त जो कोड चालला त्यातलंच पकडतो, आणि मालकीचे बग बहुतेक अ‍ॅलोकेशन फेल झाल्यावरच्या रस्त्यावर असतात जे रोजच्या मशिनवर कधी चालतच नाहीत. त्यासाठी फॉल्ट इंजेक्शन (मुद्दाम अपयश घडवायची सोय) चालू करा, प्रॉकमध्ये (/proc फोल्डर) प्रत्येक थ्रेडची फेल-एनथ फाइल असते, त्यात १ लिहा म्हणजे पहिलं अ‍ॅलोकेशन फेल, सिस्टम कॉल करा, मग २, मग ३, असं एकही फेल होईनासं होईपर्यंत. आधी फेलस्लॅबमधलं (अ‍ॅलोकेशन फेल करणारा भाग) इग्नोर-जीएफपी-वेट हे सेटिंग एन करायला विसरू नका, डिफॉल्टला ते वाय असतं आणि झोपू शकणारी साधी अ‍ॅलोकेशन मग फेलच होत नाहीत, तुम्हाला वाटतं सगळं पास झालं. केमेमलीकही (लीक शोधणारं टूल) लावा पण त्याच्यावर सगळा भरवसा नको, जी वस्तू कुठल्या तरी यादीतून अजून पोहोचण्यासारखी आहे तिला ते लीक म्हणत नाही, वरचा कीरिंगचा बग त्याला दिसलाच नसता. तिथे सोपा उपाय आहे, एका छोट्या प्रोग्रॅममधून तोच कॉल शंभर वेळा करा आणि प्रॉकमधली कीज फाइल उघडून तिसरा कॉलम बघा, तो युसेजचा आकडा असतो. शंभरने वाढलेला दिसला की बग हातात आला.

राहिलं पॅच पाठवणाऱ्याला उत्तर कसं लिहायचं ते. नुसतं 'लीक होतंय का बघा' असं लिहिलं तर सबमिट करणारा त्याला दिसलेलाच रस्ता परत बघतो आणि 'नाही होत' म्हणतो. पूर्ण रस्ता लिहा, या ओळीवर रेफरन्स आला, ही अट खरी झाली, या लेबलवर गेलो, सोडला कुठेच नाही. फंक्शनच्या वरच्या कॉमेंटमध्ये मालकीचा नियम लिहायला लावा, फेल झाल्यावर काय होतं त्याच्यासकट, आणि कमिट मेसेजमध्ये सगळे कॉलर तपासल्याचं लिहिलं असेल तर कोणते ते विचारा, मग गिट ग्रेप (कोडमध्ये नाव शोधणारी कमांड) मारून स्वतः मोजा. मोजताना हुकच्या टेबलमधून किंवा फंक्शन पॉइंटरमधून होणारे कॉल ग्रेपला नावाने सापडत नाहीत, ते टेबल उघडून बघावे लागतात. नियम बदलणारा पॅच आणि साफसफाई एकत्र आली असेल तर वेगळे करायला सांगा. आणि फिक्स असेल तर फिक्सेसचा टॅग बरोबर कमिटला लागलाय का ते गिट ब्लेम (कुठली ओळ कुठल्या कमिटने आणली ते दाखवणारी कमांड) मारून बघा, बग ज्या कमिटने आणला तोच हवा, त्या फाइलला शेवटचा हात लावणारा नव्हे, कारण स्टेबलवाले (जुन्या कर्नलमध्ये फिक्स नेणारे) त्या टॅगवरूनच कुठल्या कर्नलपर्यंत मागे न्यायचं ते ठरवतात.